बिंग क्रॉसबी : तबकडी, रेडिओ आणि टेप – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की मॉलमध्ये, विमानतळावर, केकच्या दुकानात एक जाडसर, ऊबदार पुरुषी आवाज हमखास कानावर पडतो. तो बिंग क्रॉसबीचा. बहुतेकांची त्याच्याशी ओळख तिथेच सुरू होते आणि जानेवारीत संपते. मला याची फार हळहळ वाटते. हा माणूस १९२६ ते १९७७ अशी एक्कावन्न वर्षं रेकॉर्डिंग करत होता. गायकाने आपल्या कानाशी येऊन गावं ही आज आपल्याला इतकी साधी वाटणारी गोष्ट रूढ करण्यात त्याचा सर्वांत मोठा वाटा आहे, आणि रेडिओचे कार्यक्रम टेपवर मुद्रित होऊ लागले तेही मुख्यतः त्याच्या हट्टामुळे. मित्रमंडळींत आणि ऐकण्याच्या बैठकींत मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

बिंग क्रॉसबी म्हणजे नेमका कोण?

हॅरी लिलिस क्रॉसबी हे पाळण्यातलं नाव. जन्म ३ मे १९०३, अमेरिकेच्या वायव्य टोकाच्या वॉशिंग्टन राज्यात टकोमा इथे. वाढला त्याच राज्यातल्या स्पोकेन शहरात. 'बिंग' हे नाव लहानपणीच चिकटलं. वर्तमानपत्रात 'बिंगव्हिल ब्यूगल' नावाचं विनोदी सदर यायचं, त्याचं त्याला वेड होतं. गोन्झागा विद्यापीठात कायदा शिकता शिकता तो मित्रांच्या बँडमध्ये ड्रम वाजवू लागला, गाऊ लागला आणि वकिली मागे पडली. १९२५ साली अल रिंकर या मित्राबरोबर त्याने जुनाट मोटारीतून लॉस एंजेलिस गाठलं. अलची बहीण मिल्ड्रेड बेली तिथे गात होती. तिने दोघांना आसरा दिला, ओळखी करून दिल्या. ती स्वतः पुढे जॅझमधली मोठी गायिका झाली.

नट म्हणूनही तो मोठाच. 'गोइंग माय वे' या १९४४ च्या चित्रपटासाठी त्याला ऑस्कर मिळालं. इथे मात्र मी सिनेमात शिरणार नाही.

'क्रूनर' म्हणजे काय? मुंबई-गोव्याकडे हॉटेलात गाणाऱ्यांना क्रूनर म्हणत, ते हेच का?

इंग्रजीत क्रून करणं म्हणजे हलक्या आवाजात गुणगुणणं, बाळाला निजवताना आई गुणगुणते तसं. १९२० च्या दशकाच्या शेवटी मायक्रोफोनपुढे मऊ आवाजात प्रेमगीतं गाणाऱ्या पुरुष गायकांना हा शब्द लागला.

आपल्याकडे येईपर्यंत शब्द जरा सैल झाला. मुंबईच्या हॉटेलांत, क्लबांत डान्स बँडपुढे उभं राहून गाणारा किंवा गाणारी म्हणजे क्रूनर, मग आवाज कितीही मोकळा असो. ख्रिस पेरींच्या बँडबरोबर गाणाऱ्या लोर्ना यांनाही लोक क्रूनर म्हणत, आणि त्यांचा आवाज तर अख्खं सभागृह दणाणून सोडणारा. म्हणजे शब्द तोच, पण क्रॉसबीच्या बाबतीत तो गाण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

मायक्रोफोनमुळे एवढं काय बदललं?

आपल्या संगीत नाटकांचा काळ आठवा. मागच्या बाकावर बसलेल्याला पद ऐकू जायला हवं, म्हणून नटाला आवाज लावून, फेकून गावं लागे. अमेरिकी रंगमंचावरही तेच होतं. अल जोल्सनसारखा गायक छातीतून आवाज काढून थिएटरची शेवटची रांग गाठायचा. ज्यांचा आवाज पातळ होता ते तोंडाला कर्णा लावत. रूडी व्हॅली याचा कर्णा तर प्रसिद्धच होता. रेकॉर्डिंगची तऱ्हा वेगळी नव्हती. १९२५ पर्यंत गायक एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचा आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात रेघ कोरायची. हळू गायलं तर रेघच उमटायची नाही.

१९२५ मध्ये विजेवर चालणारं रेकॉर्डिंग आलं, त्याच सुमारास रेडिओ घराघरांत पोचत होता. बऱ्याच गायकांनी मायक्रोफोनकडे मोठं भोंगं म्हणूनच पाहिलं. क्रॉसबीला उमगलं की समोर सभागृह नाहीच, समोर एक माणूस बसलाय, दिवाणखान्यात, दिवसभराचं काम उरकून. त्याच्याशी ओरडून कशाला बोलायचं?

मग त्याचं गाणं बदललं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने शब्द टाकायची पद्धत बदलली. ओळ तो बोलल्यासारखी सुरू करतो आणि बोलता बोलता ती सुरात शिरते. खर्जातला सूर तो दाबून न लावता सहज सोडतो, मायक्रोफोन तो उचलून घेतो. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना हलकी मींड, आणि शब्दाच्या मध्येच एक झटकन वळणारी मुरकी ही तर त्याची सहीच. आयरिश वळणाची मुरकी आहे ती, पण मराठी कानाला अजिबात परकी वाटत नाही. 'म' आणि 'न' या अक्षरांवर तो रेंगाळतो, ओठ मिटून सूर आत घुमवतो. भोंग्याच्या काळात या घुमण्याचा एक कणही तबकडीवर उतरला नसता.

शिवाय लय. शिकागोत त्याने जॅझमधला ट्रंपेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँग याला जवळून ऐकलं होतं. ठेक्याच्या किंचित मागे राहायचं आणि समेला बरोबर पोचायचं, हे तो तिथून शिकला आणि आयुष्यभर आर्मस्ट्राँगचं ऋण मान्य करत राहिला. निव्वळ गोड आवाजाचे क्रूनर त्या काळात पुष्कळ होते. लयीचा असा पक्का क्रूनर हा एकटाच, असं माझं मत आहे.

पहिली रेकॉर्ड कोणती?

१८ ऑक्टोबर १९२६, लॉस एंजेलिस. डॉन क्लार्कच्या वाद्यवृंदाबरोबर कोलंबिया कंपनीसाठी रिंकर आणि क्रॉसबी यांनी मिळून 'आय हॅव गॉट द गर्ल' हे गाणं गायलं. ऐकून फार काही हाती लागत नाही. नाव सांगितलं नाही तर आवाज ओळखूही येणार नाही. त्याच वर्षाच्या अखेरीला पॉल व्हाइटमन या त्या काळच्या सर्वांत बड्या बँडमास्तराने दोघांना नोकरीवर घेतलं. हॅरी बॅरिस येऊन मिळाला आणि 'रिदम बॉइज' हे त्रिकूट तयार झालं. खरी उमेदवारी तिथे झाली.

तो रेडिओवर कसा आला?

व्हाइटमनच्या बँडबरोबर १९२९ मध्येच त्याचा आवाज रेडिओवरून जाऊ लागला होता. पण लोकांच्या कानात तो बसला तो त्यानंतर, लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलातल्या 'कोकोनट ग्रोव्ह' या नाइटक्लबमुळे. तिथे गस आर्नहाइमच्या बँडबरोबर तो गायचा आणि तिथला कार्यक्रम रेडिओवरून थेट जायचा. जानेवारी १९३१ मध्ये त्याच बँडबरोबर त्याने हॅरी बॅरिसच्या चालीवरचं 'आय सरेंडर, डियर' रेकॉर्ड केलं. ही तबकडी पूर्वेकडे न्यूयॉर्कपर्यंत गाजली आणि सीबीएस या रेडिओ जाळ्याचे प्रमुख विल्यम पेली यांनी त्याला बोलावून घेतलं.

पहिला कार्यक्रम ३१ ऑगस्ट १९३१ ला ठरला होता. ऐन वेळी घसा बसला. देशभर जाहिरात झालेली, आणि गायकाला आवाजच नाही! अखेर २ सप्टेंबरला तो मायक्रोफोनपुढे उभा राहिला. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. थोड्याच दिवसांत क्रेमो सिगारवाले प्रायोजक मिळाले. 'व्हेअर द ब्लू ऑफ द नाइट' हे गाणं त्याची ओळखधून झालं आणि पुढे कित्येक वर्षं त्या सुरांवर लोक ओळखत गेले की क्रॉसबीची वेळ झाली.

क्रूनर लोकांवर टीका व्हायची हे खरं का?

अगदी खरं. जानेवारी १९३२ मध्ये बॉस्टनचे कार्डिनल ओकॉनेल यांनी असल्या गाण्याचा जाहीर निषेध केला. पुरुषाने असं हळवं, कुजबुजल्यासारखं गाणं त्यांना नासकेपणाचं लक्षण वाटलं. पुरुषी आवाज म्हणजे मोठा आवाज, ही समजूत तेव्हा घट्ट होती. क्रॉसबी त्या टीकेतून तरून गेला, कारण त्याच्या आवाजात लाडिकपणापेक्षा निवांतपणा जास्त होता. शेजारच्या घरातला माणूस अंगणात शीळ घालत काम करतोय असं वाटावं, तसा. शीळही तो उत्तम घालायचा आणि रेकॉर्डवर अगदी मोकळेपणाने घालायचा.

डेक्का कंपनीशी त्याचं नातं एवढं महत्त्वाचं का मानतात?

आर्थिक मंदीने अमेरिकेत रेकॉर्डचा धंदा पार बसला होता. रेडिओवर फुकट गाणं मिळत असताना तबकडी कोण घेणार? १९३१ पासून क्रॉसबी ब्रन्सविक या लेबलसाठी गात होता. तिथला त्याचा निर्माता जॅक कॅप १९३४ मध्ये बाहेर पडला, त्याने अमेरिकन डेक्का कंपनी उभी केली आणि सगळ्यांत आधी क्रॉसबीला करारबद्ध केलं. बड्या कंपन्यांच्या चांगल्या तबकड्या ७५ सेंटला जायच्या. कॅपने आपली ३५ सेंटला लावली. आघाडीचा गायक निम्म्याहून कमी दामात! ज्यूकबॉक्सवाल्यांनीही त्या भरभरून उचलल्या. अमेरिकेत रेकॉर्डचा धंदा पुन्हा उभा राहिला त्यात या जोडीचा मोठा हात होता.

माझ्याकडे त्या काळातली एक डेक्का आहे. निळं लेबल, सोनेरी अक्षरं, कड एका ठिकाणी टवका गेलेली. हातात घेतली की जड लागते, बशीसारखी. सुई टेकवली की आधी पावसासारखी खरखर, मग वाद्यवृंदाच्या चार मात्रा, आणि मग तो आवाज खरखरीच्या अलीकडे येऊन उभा राहतो. हे मी कितीदा ऐकलं असेल, तरी दर वेळी मान वळवून बघावंसं वाटतं. तबकडीचा तो काळा पदार्थ म्हणजे मुख्यतः लाख, आणि जगभरच्या रेकॉर्ड कंपन्यांना ती लाख बहुतांशी आपल्या देशातून जायची. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस-कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडलेली लाख आणि लॉस एंजेलिसमध्ये गायलेलं गाणं, दोन्ही त्या एका चकतीत.

इतक्या प्रकारची गाणी गाऊन त्याने स्वतःचं नुकसान करून घेतलं का?

कॅपचा आग्रह होता की क्रॉसबीने सगळ्यांसाठी गावं. म्हणून हवाईची गाणी, काउबॉयची, आयरिश, वॉल्ट्झ, भजनं, देशभक्तिपर, सगळं झालं. 'स्वीट लैलानी' या हवाई वळणाच्या गाण्याने १९३७ चं ऑस्कर मिळवलं. १९३५ मध्ये 'सायलेंट नाइट' रेकॉर्ड करताना धर्मगीतातून पैसे कमवायला तो तयार नव्हता. त्याचं मानधन धर्मादाय कामाला जाईल अशी व्यवस्था झाल्यावरच तो गायला.

नुकसान थोडं झालं असं मला वाटतं. १९३१ ते १९३४ च्या ब्रन्सविक रेकॉर्डमध्ये जो धोका पत्करणारा, जॅझच्या वाटेने जाणारा क्रॉसबी भेटतो, तो पुढे कमी भेटतो. कॅपला चाल सरळ, स्वच्छ हवी असायची. पण शेतकरी, बंदरावरचा हमाल, आयरिश आजी आणि कॉलेजची पोरं या सगळ्यांना एकच गायक आपला वाटावा, हे त्या सरळपणानेच साधलं.

'क्राफ्ट म्युझिक हॉल' काय होतं?

क्राफ्ट या चीज बनवणाऱ्या कंपनीने प्रायोजित केलेला, एनबीसी या दुसऱ्या रेडिओ जाळ्यावरचा कार्यक्रम. दर गुरुवारी रात्री. क्रॉसबीने तो जानेवारी १९३६ ते मे १९४६ असा दहा वर्षं चालवला. एका भागात शास्त्रीय पियानोवादक यायचा, पुढच्यात विनोदी नट, आणि क्रॉसबी दोघांशी सारख्याच आपुलकीने बोलायचा. कॅरोल कॅरोल नावाचा लेखक त्याचं बोलणं लिहायचा. क्रॉसबीची स्वतःची बोलण्याची ढब, म्हणजे लांबलचक भारदस्त शब्दाला लागूनच गल्लीतला शब्द, त्याने इतकी अचूक पकडली होती की सगळं उत्स्फूर्त वाटे. १९३७ पासून संगीताची बाजू जॉन स्कॉट ट्रॉटर याच्याकडे होती.

'व्हाइट ख्रिसमस'ची खरी हकिकत काय?

गाणं अर्विंग बर्लिन यांचं. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला हा गीतकार-संगीतकार. क्रॉसबीने ते प्रथम गायलं २५ डिसेंबर १९४१ च्या क्राफ्ट कार्यक्रमात. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन अठरा दिवस झाले होते.

रेकॉर्डिंग झालं २९ मे १९४२ रोजी, लॉस एंजेलिसमध्ये, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. जॉन स्कॉट ट्रॉटरचा वाद्यवृंद, केन डार्बी सिंगर्सचा कोरस, आणि सगळं काम जेमतेम १८ मिनिटांत उरकलं. 'हॉलिडे इन' या चित्रपटातलं एक गाणं, एवढीच त्याची तेव्हाची किंमत. पण त्या वर्षी लाखो पोरं घरापासून दूर, उत्तर आफ्रिकेत, पॅसिफिकच्या बेटांवर होती. त्यांना बर्फ नको होता, घर हवं होतं. लष्कराच्या रेडिओवर या गाण्याच्या फर्माइशींचा पाऊस पडला. पुढे क्रॉसबी स्वतः सैनिकांपुढे जाऊन गायचा तेव्हा हे गाणं त्याला जड जायचं, कारण समोर बसलेल्यांचे डोळे भरून यायचे.

आता एक बारकावा. मूळ साच्यावरून इतक्या प्रती काढल्या गेल्या की तो झिजला. म्हणून १९ मार्च १९४७ रोजी त्याच वाद्यवृंदाला आणि त्याच कोरसला बोलावून गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं, शक्य तितकं पहिल्यासारखं. आपण आज जागोजागी ऐकतो ते बहुतेक वेळा हे दुसरं. गिनेसच्या नोंदीत या गाण्याच्या अंदाजे ५ कोटी प्रती धरल्या आहेत आणि तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

युद्धकाळात अमेरिकेत रेकॉर्डिंगच बंद होतं ना?

वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून रेकॉर्ड कंपन्यांविरुद्ध संप पुकारला. वादक नाहीत म्हणजे वाद्यवृंद नाही. संघटनेचा नियम गायकांना लागू नव्हता, म्हणून क्रॉसबीने १९४३ च्या उन्हाळ्यात केन डार्बी सिंगर्सच्या नुसत्या आवाजांच्या साथीवर 'संडे, मंडे ऑर ऑलवेज' रेकॉर्ड केलं. वाद्यांची जागा माणसांनी तोंडाने भरून काढलेली आहे, जरूर ऐका. सप्टेंबर १९४३ मध्ये डेक्काने संघटनेशी करार केला; बाकीच्या दोन बड्या कंपन्यांना आणखी वर्षभर लागलं. त्या वर्षभरात क्रॉसबी आणि अँड्र्यूज सिस्टर्स या तीन गायिका बहिणी यांची जोडी जोरात चालली.

याखेरीज सैनिकांसाठी काढलेल्या 'व्ही-डिस्क' तबकड्या आणि लष्करी रेडिओचे कार्यक्रम यांसाठीही तो भरपूर गायला. १९४४ मध्ये तो इंग्लंड आणि फ्रान्समध्ये आघाडीजवळ जाऊन आला.

गुरुवारचा एवढा लोकप्रिय कार्यक्रम त्याने का सोडला?

कारण त्याला थेट प्रक्षेपणाचा कंटाळा आला होता, आणि त्याची तक्रार रास्त होती. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचं अंतर. म्हणजे दोन्हीकडच्या श्रोत्यांना सोयीची वेळ मिळावी म्हणून तोच कार्यक्रम एकाच दिवशी दोनदा करायचा. वर्षातले चाळीसेक आठवडे, दर गुरुवारी, काहीही झालं तरी स्टुडिओत हजर. चूक झाली तर ती झाली, पुसता येत नाही. त्याला चार कार्यक्रम एका दमात मुद्रित करून गोल्फला, मासेमारीला, मुलांकडे जायचं होतं.

एनबीसी आणि सीबीएस दोघांनीही मुद्रित कार्यक्रमाला नकार दिला. रेडिओ म्हणजे जिवंत, मुद्रित म्हणजे शिळं, असं त्यांचं धोरण होतं. क्रॉसबी १९४५ च्या हंगामात कामावर गेलाच नाही. कोर्टकचेरी झाली, तडजोड म्हणून १९४६ च्या फेब्रुवारी ते मे तो परत आला आणि मग निघाला. नव्याने उभ्या राहिलेल्या एबीसीने त्याची अट मान्य केली. १६ ऑक्टोबर १९४६ रोजी 'फिल्को रेडिओ टाइम' सुरू झालं. पहिला पाहुणा त्याचा जिवलग, विनोदी नट बॉब होप.

मग टेप कुठून आली?

पहिल्या वर्षी टेप नव्हती. कार्यक्रम १६ इंची मोठ्या तबकड्यांवर मुद्रित व्हायचा. एका बाजूला पंधरा मिनिटं. काटछाट करायची तर एका तबकडीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर उतरवत जायचं. दर वेळी आवाज थोडा मळायचा, खरखर वाढायची. श्रोत्यांना फरक कळला आणि श्रोतेसंख्या घसरली. एबीसीच्या करारात अट होती की ती ठरावीक पातळीखाली गेली तर पुन्हा थेट कार्यक्रम करावा लागेल. म्हणजे सगळी लढाई वाया.

इथे जॅक मलिन येतो. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधला हा इंजिनिअर. युद्धात इंग्लंडमध्ये असताना तो रात्री उशिरा जर्मन रेडिओ लावायचा. वाद्यवृंद इतका स्वच्छ ऐकू यायचा की तबकडीची खरखर नावालाही नाही. मध्यरात्री रोज ताजे वादक कसे बसवतात हे लोक, याचा त्याला उलगडा होईना. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये जर्मनीत बाड नाउहाइम इथल्या रेडिओ फ्रँकफुर्टच्या स्टुडिओत त्याने ते यंत्र पाहिलं : मॅग्नेटोफोन. लोहाच्या भस्माचा लेप दिलेली प्लॅस्टिकची फीत. त्याने दोन यंत्रं सुटी करून, पार्सलं बांधून अमेरिकेला धाडली, सोबत फितीची ५० रिळं. मे १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत इंजिनिअरांपुढे प्रात्यक्षिक झालं.

क्रॉसबीच्या लोकांनी ते ऐकलं आणि ऑगस्ट १९४७ मध्ये मलिनला नव्या हंगामाचा पहिला कार्यक्रम मुद्रित करायला बसवलं. साधनं कोणती? दोन जर्मन यंत्रं, तीच ५० रिळं, कात्री आणि चिकटपट्टी. फीत सेकंदाला तीसेक इंच वेगाने धावायची, म्हणजे एक शब्द कापायचा तर हातभर पट्टी हाताशी. सरावातल्या गाण्याची एखादी ओळ चांगली झाली असेल तर ती कापून मुख्य गाण्यात जोडायची, खोकला काढून टाकायचा, लांबलेला विनोद आवळायचा. आज मोबाइलवर आपण बोटाने करतो तेच, फक्त कात्रीने. १ ऑक्टोबर १९४७ ला तो कार्यक्रम प्रसारित झाला. फीत मध्येच तुटेल या धास्तीने सुरुवातीला ती तबकडीवर उतरवून वाजवत, तरी सांधे कुणाला कळले नाहीत.

जर्मन रिळं कधीतरी संपणारच होती. कॅलिफोर्नियातली अँपेक्स ही चिमुकली कंपनी तसंच यंत्र बनवत होती, पण भांडवल नव्हतं. क्रॉसबीने ५०,००० डॉलर पाठवले आणि यंत्रांची मागणी नोंदवली. १९४८ मध्ये 'अँपेक्स २००' बाजारात आलं. काही वर्षांत अमेरिकेतले रेडिओ आणि रेकॉर्डिंग स्टुडिओ टेपवर गेले. एका गायकाला सुट्टी हवी होती, इथून ही गोष्ट सुरू झाली. पण त्याने पैसे घातले, इंजिनिअरावर विश्वास टाकला आणि निकाल येईपर्यंत थांबला, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

कार्यक्रमांतलं पाठीमागचं खोटं हसू त्यानेच आणलं म्हणतात, खरं का?

त्याच्या कार्यक्रमात एक प्रसंग घडला तो मलिनने सांगून ठेवलाय. बॉब बर्न्स नावाचा विनोदी कलाकार आला होता. त्याने जरा चावट किस्से सांगितले. प्रेक्षक पोट धरून हसले, पण किस्से रेडिओवर जाण्यासारखे नव्हते. ते कापले, हसू मात्र जपून ठेवलं. पुढे एका भागातले विनोद पडले तेव्हा ते हसू तिथे जोडलं. मुद्रित हसण्याचा उगम बरेच जण या प्रसंगात पाहतात. मला स्वतःला हा वारसा आवडत नाही. पण फितीने काय काय शक्य केलं, ते यातून कळतं.

लेस पॉलचा यात काय संबंध?

गिटारवादक लेस पॉलने क्रॉसबीबरोबर रेकॉर्डिंग केलं होतं. क्रॉसबीने त्याला अँपेक्सचं एक यंत्र भेट दिलं. लेस पॉलने त्याला एक जादा हेड, म्हणजे फीत जिच्यावरून सरकते ती आवाज टिपणारी चकती, बसवलं आणि स्वतःच्याच वाजवण्यावर स्वतःच वाजवत आवाजांचे थर चढवू लागला. आजच्या मल्टीट्रॅक रेकॉर्डिंगच्या मागे हे यंत्र उभं आहे. क्रॉसबीच्या कंपनीने नोव्हेंबर १९५१ मध्ये टेपवर चित्रही मुद्रित करून दाखवलं होतं; चित्र धूसर होतं. ते काम पुरं केलं अँपेक्सने, १९५६ साली.

टीव्ही आल्यावर त्याचं काय झालं?

रेडिओ त्याने सावकाश सोडला. फिल्कोनंतर चेस्टरफील्ड, मग जनरल इलेक्ट्रिक असे प्रायोजक बदलत १९५४ पर्यंत साप्ताहिक कार्यक्रम चालला, पुढे १९६० ते १९६२ रोझमेरी क्लूनीबरोबर रोजचा छोटा कार्यक्रम. टीव्हीवर तो मुख्यतः ख्रिसमसच्या खास कार्यक्रमांत दिसायचा. डोळ्यांपुढे सतत असावं असं हे व्यक्तिमत्त्व नव्हतंच. त्याची सगळी ताकद कानाशी होती. रेकॉर्डिंग चालू होतं. १९५४ मध्ये डेक्कासाठी जुनी गाणी नव्याने गाऊन, मध्ये स्वतः निवेदन करत पाच एलपींचा आत्मचरित्रपर संच काढला. १९५६ मध्ये ग्रेस केलीबरोबरचं 'ट्रू लव्ह' गाजलं. सगळं धरून १,६०० च्या वर गाणी त्याने रेकॉर्ड केली.

क्रॉसबी श्रेष्ठ की सिनात्रा?

फ्रँक सिनात्रा हा अमेरिकी गायक बारा वर्षांनी लहान, क्रॉसबीला ऐकतच वाढला. स्वतःच्या जखमा गाण्यात उघड्या करायचं धाडस सिनात्राकडे जास्त होतं. क्रॉसबी दुःखही झाकून गातो. मला वय वाढत गेलं तसा क्रॉसबी जास्त जवळचा झाला.

शेवटचं रेकॉर्डिंग कोणतं?

१९७७ चं वर्ष. मार्चमध्ये पासाडेना इथे कार्यक्रमाचं चित्रीकरण झाल्यावर तो रंगमंचावरून वाद्यवृंदाच्या खड्ड्यात, सुमारे २० फूट खाली पडला. पाठीला मोठी दुखापत. तरी सप्टेंबरात तो इंग्लंडमध्ये होता. ११ सप्टेंबरला एल्स्ट्रीच्या स्टुडिओत ख्रिसमसच्या कार्यक्रमासाठी डेव्हिड बोवीबरोबर युगलगीत झालं. 'लिटल ड्रमर बॉय' गायला बोवी तयार नव्हता, म्हणून तासाभरात त्याच्यासाठी दुसरी चाल आणि शब्द रचले गेले. क्रॉसबी मूळ चाल गातो, बोवी त्यावरून वेगळ्याच उंचीने जातो. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा आणि तिशीतला रॉक गायक, आणि म्हातारा जागचा हलत नाही. कार्यक्रम प्रसारित झाला तेव्हा क्रॉसबी हयात नव्हता.

१० ऑक्टोबरला त्याने ब्रायटन सेंटरमध्ये शेवटची मैफल केली. दुसऱ्या दिवशी लंडनच्या मैदा व्हेल इथल्या बीबीसीच्या स्टुडिओत जाऊन रेडिओसाठी काही गाणी गायला. आयुष्यातलं शेवटचं रेकॉर्डिंग रेडिओसाठी व्हावं, हे किती साजेसं! १४ ऑक्टोबरला माद्रिदजवळ गोल्फचा डाव संपवून क्लबहाउसकडे चालत जाताना हृदयविकाराने गेला.

मी कधीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

ख्रिसमस बाजूला ठेवा. आधी मिल्स ब्रदर्स या गायक भावांबरोबरचं 'डायना', डिसेंबर १९३१ चं. दुसऱ्या फेरीत शब्द सोडून तो केवळ लयीशी खेळतो तिथे कान द्या. मग ऑक्टोबर १९३२ चं 'ब्रदर, कॅन यू स्पेअर अ डाइम?'. मंदीत भिकेला लागलेल्या कामगाराचं गाणं. रस्त्यात कुणाशी तरी बोलावं तसं सुरू होतं आणि शेवटाकडे आवाज चढत जातो, तरी सूर कुठेही फाटत नाही. हेडफोनवर ऐका, आवाज लहान ठेवून.

त्यानंतर 'व्हाइट ख्रिसमस'ची दोन्ही रेकॉर्डिंग्ज लागोपाठ लावा. १९४७ च्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बासऱ्या आणि घंटेसारखी किणकिणणारी सेलेस्टा आहे, १९४२ च्या रेकॉर्डिंगमध्ये ती सजावट नाही. पहिल्यात आवाज किंचित हलका आहे आणि ओळ सोडताना त्याला घाई नाही. ते गाणं एवढं मोठं होणार आहे, हे त्या दिवशी स्टुडिओत कुणालाच ठाऊक नव्हतं.